भोगली तेवढी शिक्षा

८ सप्टेंबर २०२५
सातपूरच्या भावांनो, तुमच्यातले किती जण न केलेला गुन्हा कबूल करून सुटलेत? — पुढच्या सोमवारी युनियनच्या गेटसभेत सुरुवात हीच करायची.

आज कोर्टात आमच्या युनियनच्या झुंबरला सोलून काढलं. सुपरवायझरचं डोकं फोडल्याचा आरोप. सात वर्षं आत जाऊ शकतो. स्वतःच्या बचावासाठी साक्ष द्यायला उभा राहिला, तर सरकारी वकिलाने जुना कागद काढला — २०१९, तांब्याच्या तारेची चोरी, शिक्षा. जुनी शिक्षा अशी उकरता येत नाही, म्हणून आमच्या वकील सरोजिनीबाईंनी हरकत घेतली. फेटाळली.

"कबूल केली होती ना चोरी?"
"हो साहेब. पण केली नव्हती. चार महिने आत होतो, वकील नाय. तुरुंगातच कोर्ट भरलं. बोलले, कबूल कर, भोगली तेवढी शिक्षा, आज सुटशील. भाताची लावणी आली होती."
"म्हणजे कोर्टात खोटं बोललात. तेव्हा, की आत्ता?"
"तेव्हा शपथ नव्हती दिली, साहेब."

लोक हसले. साक्षीत टाइप झालं फक्त पहिलं 'हो'.

९ सप्टेंबर
या सरकारी वकिलाला सोडणार नाही. गेल्या तारखेला झुंबरच्या बाजूने माझी साक्ष झाली, तेव्हा मला एक प्रश्न विचारायची छाती झाली नाही. गरिबावर मात्र वाघ! एका गेटवर नाही, सातपूरच्या प्रत्येक गेटवर याचं नाव घेईन. बायकोबरोबर भाजी आणायला निघाला तरी लोकांनी बोट दाखवलं पाहिजे.

१० सप्टेंबर
झुंबरची बायको लंकाबाई गावी, सुरगाण्याला परत निघाली. जीपमध्ये बसताना म्हणाली, "दादा, वकिलाची लाज काढून माजा मानूस घरी येल का?"
घरी येऊन भाषण आणखी धारदार केलं.

१२ सप्टेंबर
हरकत फेटाळल्याच्या आदेशाची नक्कल मिळाली. गेटवर मोठ्याने वाचणार होतो.

'आरोपीतर्फे साक्षीदाराने त्याच्या चांगल्या चारित्र्याची ग्वाही दिली आहे. त्यामुळेच मागील शिक्षेबाबत प्रश्न विचारण्यास परवानगी देण्यात येते.'

तो साक्षीदार मी. "चोरी, मारामारी या माणसाच्या रक्तात नाही!" — कुणी विचारलं नव्हतं. सरोजिनीबाई हाताने थांब म्हणत होत्या. मला वाटलं, वेळ संपली म्हणतायत.

गेटसभा रद्द कर. उद्या पहिल्या जीपने सुरगाण्याला जा आणि लंकाबाईला हे स्वतःच्या तोंडाने सांग.