सहा पाकिटं

भूगाव, रविवार

चि. सुलक्षणा हिस भाऊजींचे आशीर्वाद.

परभणीत सगळी बरी असाल, तुझे गुडघे जिना चढू देत असतील. मी ठणठणीत आहे (जरा भाजलोय, तेच सांगतो).

तुझी ताई जाऊन परवा तीन महिने होतील. तापाच्या साथीत आम्ही तिघंही पडलो. तुझा भाचा निषाद आणि मी पाच दिवसांत उठलो. मेधाच्या फुप्फुसात विषाणू उतरला. दवाखान्यात तपासलं तर तिचं ड जीवनसत्त्व सात निघालं. वीस तरी हवं म्हणे. ते कमी पडलं की अंगातले पहारेकरी सुस्तावतात, असं डॉक्टरीणबाईंनी समजावलं. एवढ्यानंच ती गेली असं म्हणता येणार नाही, हेही दोनदा सांगितलं. मी पहिलं तेवढं घरी घेऊन आलो.

परभणीच्या उन्हात वाढलेल्या बाईला उन्हाची टंचाई पडावी! पण इथं समोर टॉवर उभा राहिलाय. आमच्या वाट्याला ऊन येतं ते त्याच्या काचांवरून, उसनं.

म्हणून निषाद हिंजवडीला गेला की मी मागच्या रिकाम्या प्लॉटवर सदरा काढून बसतो. पहिल्या दिवशी वॉचमनला वाटलं, मी जागेसाठी उपोषणाला बसलोय (बिचाऱ्यानं पाणी आणून दिलं). दुसऱ्या दिवशी डोळा लागला आणि तिथं शेळ्या चारणाऱ्या तुकाबाईंच्या शेळीनं सदऱ्याची बाही खाल्ली. तुकाबाईंनी ओशाळून दूध देऊ केलं, वर विचारलं, घरच्या बाई कुटं हायेत? परभणीला बहिणीकडे गेलीय, असं मी सांगून बसलो. का, कोण जाणे. आता त्या रोज विचारतात आणि मी रोज मेधाचा तुझ्याकडचा मुक्काम वाढवतो. काल म्हणाल्या, "लई दिस ऱ्हायल्या. तुमी भांडला असाल."

मी हो म्हणालो.

तुझे भाऊजी,
अण्णासाहेब

ता. क. : आंबेमोहोर पाठवतोय. जुना आहे, पाणी जरा जास्त घाल.

ता. क. दुसरा : तो सातचा आकडा दवाखान्यात कळला, हे खोटं लिहिलं. उन्हाळ्यातच कळला होता. आठवड्याला एक अशी आठ पाकिटं दिली होती, दुधातून घ्यायची. तिनं दोन घेतली. आभाळात फुकट मिळतं ते दुकानातून कशाला, अशी थट्टा मीच केली. तिनं बाकीची ठेवून दिली. ती सहा काल रव्याच्या डब्यामागे सापडली. निषादला यातलं काही ठाऊक नाही. शनिवारी येशील का? त्याला सांगताना खोलीत तिच्या माहेरचं कुणीतरी असावं.