आबा पत्ते टाकत नाहीत

पाली, ता. वेल्हे
दि. ११ ऑगस्ट २०२४

ती. मधूमामांस,
कुमारचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवरचे मेसेज तुम्ही उघडत नाही, म्हणून पेन हातात घेतलं. रागात लिहितोय, अक्षर समजून घ्या.

जुलैत आबांनी जीप मोरीच्या कठड्याला घासली. आत मार्गासनीहून राजगडाला निघालेली नऊ पोरं होती. कुणाला लागलं नाही, पण माझी झोप उडाली. म्हटलं, वय झालं, आता चावी माझ्याकडे द्या. आई गेल्यापासून आबांना काही सांगायची सोय राहिलेली नाही. ते म्हणतात, मामाचा त्यो जहाजावरचा पोकर तूच शिकवलास न्हवं, घटस्थापनेच्या आत त्यात मला हरव अन् घे चावी.

तेव्हापासून रोज दुपारी जेवण झालं की आम्ही चौघं बसतो. आबा, मी, तुमची सूनबाई मंगल आणि चुलतभाऊ गोरख. प्रत्येकी शंभर चिंचोके. शेवटी पत्ते उघडले की मंगल सगळ्यांचे मोठ्याने वाचते आणि शाळेतल्या बाईंसारखा निकाल देते.

मामा, आबा कधी पत्ते टाकत नाहीत आणि कधी चालही चढवत नाहीत. समोरचा जेवढे लावील तेवढे सरकवायचे आणि म्हणायचं, बघू की. काल माझ्या हातात काही म्हणजे काही नव्हतं. कपाळाला आठ्या घालून चाळीस चिंचोके लोटले. शहाणा माणूस पळाला असता. आबांनी गुमान चाळीस लोटले. उघडले तर त्यांच्याकडे दुर्रीची जोडी! दुर्रीच्या जोडीवर कोणी चाळीस लावतं का? त्यांचं बघून गोरखही तसाच झालाय. दगडावर डोकं आपटून घ्यावंसं वाटतं.

काहीतरी उपाय सांगा. मंगलचा नमस्कार. तुमचा हात असाच पाठीवर राहू द्या.

तुमचा,
कुमार


भोर
दि. १७ ऑगस्ट २०२४

चि. कुमार यास,
मधूमामाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतका हसलो की तुझी मामी सरोज स्वयंपाकघरातून धावत आली. अरे, बारा वर्षं जहाजावर भात शिजवला, त्यात तुझ्या आबांसारखे शंभर खलाशी पाहिले. जो पत्ते टाकतच नाही त्याला घाबरवून उपयोग काय? थाप मारणं आजपासून बंद. हातात चांगलं असेल तेव्हाच लाव, पण मग हात आखडू नकोस. ते देणारच आहेत, तर भरपूर माग. आणि एक्का-राजाची वाट बघत बसू नकोस. दहा जणांत फुकट जाणारी मधली जोडी चौघांत राज्य करते. माणसं जितकी कमी, तितकं बेताच्या पत्त्यालाही मोल.

दाजी सोमवारी गाडीच्या कागदांसाठी भोरला आले होते, एसटीने. डेपोत मी आणि शेजारचे कुंडलिक उभे होतो, तर कुंडलिकांच्याच पाठीवर थाप मारून म्हणाले, काय मधू, वाळलास की! कुंडलिक माझ्या निम्म्याने आहेत. दाजींची थट्टेची सवय काही गेली नाही.

मंगलला आशीर्वाद. आहे तसाच जीव लावत जा.

मामा


पाली
दि. ८ सप्टेंबर २०२४

ती. मामांस,
कुमारचा शि. सा. न. वि. वि.

काल घरी गणपती बसले. तुमचा सल्ला लागू पडला आणि पडलाही नाही. आबा साठावर आले होते. मग आठवडाभर असं चाललंय की मी चांगल्या पत्त्यावर मोठी चाल करतो, ते भलत्याच पत्त्यावर मागे येतात आणि शेवटचं पान उघडलं की त्यांचं काहीतरी लागतं. परत शंभर! बरं, लागलं तर आनंद तरी दाखवावा. मंगल वाचून दाखवेपर्यंत चेहरा कोरा, आणि मग म्हणतात, आसं व्हय.

जीप अजून तेच चालवतात. परवा सगुणाबाईंच्या म्हशीला थोडक्यात चुकवलं. गोरख शेजारी बसून ओरडला म्हणून ती वाचली. आबा म्हणतात, म्हसच आडवी आली. मला वाटतं, ते मुद्दाम माझा अंत बघतायत. आता खेळ नको आणि चावीही नको, असं होतं. पण रविवारी पोरं जीपमध्ये बसताना बघितली की पुन्हा पत्ते पिसायला घेतो.

प्रसाद पाठवतोय. माझ्यावर रुसू नका.

कुमार


(पोस्टकार्ड)

भोर, १४ सप्टेंबर

चि. कुमार, आशीर्वाद. तू बरोबर खेळतोयस, धीर धर. लागणारं पान रोज लागत नसतं. फक्त एक ध्यानात ठेव. कधीही न चढवणारा माणूस एखाद दिवशी चढवू लागला, तर त्याच्याकडे हुकमी पत्ते आहेत असं समजून टाकून पळ. प्रसाद पोचला. — मामा


पाली
दि. ३० सप्टेंबर २०२४

ती. मामांस,
कुमारचा शि. सा. न. वि. वि.

चावी मिळाली. पेढे वाटू नका.

परवा मंगल आंबवड्याला माहेरी गेली होती आणि गोरख टेम्पो घेऊन पुण्याला. आम्ही दोघंच बसलो. आबांकडे सव्वीस चिंचोके उरले होते. मध्ये दोघांच्या सामाईक पाच पानांत एक राजा आणि दोन नव्व्या उघड्या, माझ्या हातात दुसरा राजा. तुमचं आठवून सगळे सव्वीस मागितले. आबांनी नेहमीसारखे सरकवले. मी माझे पत्ते उघडले. आबांनी आपले पत्ते डोळ्यांशी नेले, लांब धरले, मग मंगल येते का म्हणून दाराकडे पाहिलं. शेवटी पत्ते पालथे टाकले, तुझंच हाय म्हणाले, चिंचोक्यांवर चावी ठेवली आणि गोठ्यात गेले.

पत्ते गोळा करताना मी त्यांचे उलटले. एक नव्वी होती. तिसरी नव्वी, मामा. तो डाव आबांनी जिंकला होता. एवढ्या पत्त्यावर तर गोरखनेही चढवलं असतं.

किलवरची सत्ती घेऊन गोठ्यात गेलो आणि विचारलं, हे कोणतं पान. त्यांनी ते हातभर लांब धरलं आणि म्हणाले, बदाम आसंल. मग खालीच बसले. वर्षभर डोळ्यांपुढं धुकं हाय म्हणाले. पत्ते टाकले असते तर का टाकले म्हणून आम्ही विचारलं असतं, चढवलं असतं तर कशावर म्हणून विचारलं असतं. शेवटपर्यंत राहिलं की मंगल वाचून दाखवतेच. मी म्हटलं, आणि जीप? तर म्हणाले, रस्ता पाठ हाय मला. तुझ्या आईनं पयल्या दिशी वळखलं असतं.

चावी देण्याच्या आधीच्या रविवारी त्यांनी अकरा माणसं आणली. त्यात दोन लहान मुली होत्या. आबांचा राग येतोच, पण त्याहून जास्त लाज वाटते. दोन महिने मी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर बसून फक्त ते पत्ते टाकतात का एवढंच बघत होतो.

भोरमध्ये डोळ्यांचे चांगले डॉक्टर बघून ठेवा. गुरुवारी त्यांना घेऊन येतो. जीप मी चालवीन.

आम्हाला सांभाळून घ्या.

कुमार


भोर
दि. २२ ऑक्टोबर २०२४

चि. कुमार यास,
मधूमामाचे अनेक आशीर्वाद.

एका डोळ्याचा मोतीबिंदू निघाला, डॉक्टर खूश आहेत. दुसरा दिवाळीनंतर. तोवर जीपला हात लावायचा नाही, असं मी दाजींकडून तुझ्या आईची शपथ घालून कबूल करून घेतलंय. सरोजला काल म्हणाले, भिंतीवरची ही पाल कवाधरनं हाय? ते कॅलेंडरचं चित्र निघालं, पण त्यांना काहीतरी दिसतंय याचाच आम्हाला आनंद.

आणि तू लाज वाटून घेऊ नकोस. डेपोत त्यांनी कुंडलिकांना मधू म्हटलं तेव्हा मी हसलो होतो. बहीण असती तर तिने माझा कान पिळला असता.

आज दुपारी त्यांनी पत्ते मागितले. काळा चष्मा लावून बसले, पत्ते निवांत बघितले, आणि मी दहा चिंचोके लावल्यावर दाजींनी पहिल्यांदाच चढवलं. पन्नास! मी तुला सांगितलेला नियम पाळला आणि राण्यांची जोडी टाकून पळालो. त्यांनी हसत हसत पत्ते उघडले. तिर्री आणि पंजी. हातात काही म्हणजे काही नव्हतं.

दुसरा डोळा झाला आणि डॉक्टर हो म्हणाले की चावीसाठी तुझ्याशी पुन्हा बसणार आहेत. तेव्हा काय करायचं, ते मात्र मला विचारू नकोस.

घरच्या सगळ्यांना आशीर्वाद. ये-जा चालू ठेव.

तुझा हरलेला,
मामा