खोटा ग्राहक

दादा,

'प्रिय' मुद्दामच लिहिलेलं नाही.

काल कॉल सेंटरच्या मुलाखतीला गेले होते. शेवटच्या फेरीला मला काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावला. मॅडम म्हणाल्या, "आमचा माणूस चिडलेला ग्राहक बनून बोलेल. तो काहीही बोलला, तरी आवाज चढवायचा नाही." मी नाव सांगून नमस्कार केला. पलीकडून तुझा आवाज आला, इतक्या वर्षांनी.

मला ओळखूनही तू थांबला नाहीस. बिल चुकलं म्हणून तोंडाला येईल ते बोललास. वर म्हणालास, "आईबापांनी काही वळण लावलंय की नाही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. भांडून गेलास ते बाबांशी, माझ्याशी नव्हे. तरी मऊ आवाजातच म्हणाले, "साहेब, बाबा वारले. तुम्हाला कळवायला नंबर नव्हता. आई अजून फोन वाजला की हातातलं टाकून धावते. आपली आणखी काही तक्रार आहे का?"

तू फोन ठेवलास.

मॅडम खूश झाल्या. "छान रचलंत हो. आमचे ट्रेनर भल्याभल्यांना रडवतात, आज तेच गप्प झाले." माझी निवड झाली.

आईला नोकरीचं सांगितलं, तुझं नाही. ते तूच सांगायचंस. हे पत्र मी टाकणार नाही, कारण तू ते न वाचताच फाडशील. सोमवारी मी तुझ्याच वर्गात येऊन बसणार आहे.

नाइलाजानं तुझीच,
धाकटी