ट्रबलसम आणि माझी लाल खूण

प्रिय अक्का,

तुम्हाला देवाघरी जाऊन महिना झाला. उद्या तुमची सुनंदा दिंडोरीहून सामान न्यायला येते आहे, म्हणून कपाट आवरलं. तुमची वही हाती आली आणि तीत माझी चूक सापडली. तुम्हाला सांगितल्याशिवाय वही लेकीला द्यायची नाही, म्हणून हे पत्र.

खोकल्याच्या उपचारासाठी तुम्ही इंदिरानगरला आमच्याकडे राहायला आलात आणि चौथ्याच दिवशी डॉक्टरांची फाईल माझ्यापुढे टाकलीत. "जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवलंस, आता मला शिकव. माझ्याच दुखण्याचं काय लिवलंय, मला कळत नाय." बाहत्तराव्या वर्षी! मी धाकटी जाऊ, पण सूट दिली नाही. शब्द, अर्थ, मग स्वतःचं वाक्य. आणि माझं लाल पेन.

एकदा 'ट्रबलसम'वर बोट ठेवून विचारलंत, डॉक्टर मला असं म्हणाला का? मी म्हटलं, तुम्हाला नाही, खोकल्याला. म्हणजे त्रास देणारा. जीव घेणार नाही, पण स्वस्थही बसू देणार नाही. हा शब्द दुखऱ्या दाढेला चालतो, सारख्या बिघडणाऱ्या पंपाला चालतो, द्राक्षं फुलोऱ्यात असताना येणाऱ्या ढगांना तर चालतोच. माणसालाही लावतात, पण जपून.

"मग तुलाच लावते," म्हणालात. "माय जाऊ इज ट्रबलसम." हसता हसता ठसका लागला तुम्हाला. 'जाऊ' इंग्रजी नाही म्हणून मी अर्धा मार्क कापला. काय ही माझी शिस्त!

वहीत त्याच पानावर खाली तुमच्या वाकड्या अक्षरात आणखी एक वाक्य आहे. 'आय ॲम ट्रबलसम.' पुढे माझी लाल खूण, बरोबर म्हणून. वाक्य तपासलं, अक्का, वाचलं नाही.

त्यानंतर तुम्ही तोंडाशी पदर धरून खोकू लागलात. दुसरा चहा मागेनाशा झालात. मला वाटलं, उतार पडतोय. एरवी माझ्याशी भांडायला कधी लाजलात? मग हे एवढं का नाही बोललात? आणि घरात तुम्ही असण्याची मला किती सवय झाली होती, ते मी तरी कुठे सांगितलं!

आज ती खूण खोडली. शेजारी लिहिलं, 'साफ चूक.' उद्या ते पान सुनंदापुढे मीच उघडेन आणि काय झालं ते माझ्या तोंडाने सांगेन. हा माझा शब्द.

तुमची धाकटी जाऊ,
शालिनी

दुसऱ्या दिवशी, सुनंदाच्या हाती दिलं: लुगडी चार, चष्मा, गुडघ्याचा पट्टा, डॉक्टरांची फाईल. वही एक, ते पान वाचून दाखवून.