झावळीचा क्रूस

आई,

तू विणलेला शेवटचा क्रूस मी यंदा चर्चमध्ये परत दिला. तू गेल्यापासून तो माझ्याकडेच होता. आधी आजऱ्याच्या घरात, मग होस्टेलवर, आणि नोकरी लागल्यावर कोल्हापुरातल्या या भाड्याच्या खोलीत, दाराच्या चौकटीवर.

मला आपलं स्वयंपाकघर आठवतं. ईस्टरच्या आधी येणाऱ्या झावळ्यांच्या रविवारी फादरांनी आशीर्वादित केलेलं माडाचं पातं घेऊन तू भिंतीला टेकून बसायचीस. काजूच्या कारखान्यात टरफलं फोडून काळी पडलेली तुझी बोटं त्या हिरव्या पात्याला घड्या घालायची आणि बघता बघता क्रूस व्हायचा. तो वर्षभर डब्यांच्या फळीवर राहायचा. पुढच्या वर्षी उपवासकाळ सुरू व्हायच्या आधी तो वाळका क्रूस परत द्यायचा. सगळ्यांच्या झावळ्या जाळून राख व्हायची आणि राखेच्या बुधवारी तीच आपल्या कपाळाला लागायची. एकदा मी हट्ट धरला, हा फार सुंदर झालाय, देऊ नको. तू म्हणालीस, "समद्यांनी ठिवून घेतलं तर राख कशाची करायची? चुलीतली लावू व्हय कपाळाला?"

दहावीच्या शेवटच्या पेपराला मी त्याच आठवड्यात तू विणलेला क्रूस गुपचूप कंपासपेटीत घातला होता. तू पेटी उघडलीस. "कॉपी हाय व्हय ही? देव काय तुझा पेपर लिवायला बसलाय? आदी अभ्यास कर. मग ने, सोबतीला येतोय त्यो." त्या वर्षी पावसाळ्यात तू गेलीस. क्रूस परत द्यायला घरातून कुणीच गेलं नाही. पुढे घरातली पहिली पदवी मी मिळवली, तेव्हा प्रत्येक पेपराला तो माझ्या पिशवीत होता. अभ्यास करूनच नेला, आई.

पण इथे आल्यावर काहीतरी बदललं. बाहेर पडताना त्याला हात लावायचाच. एकदा विसरले तर निम्म्या रस्त्यातून परत आले. घरमालकीण काकू बघत होत्या. "उतारा हाय काय गं त्यो? कुणाची नजर लागली म्हनायची?" मी त्यांना नीट समजावलं की पात्यात शक्ती नसते, शक्ती देवाची, पातं फक्त आठवण देतं. काकू म्हणाल्या, "मग परत का आलीस?"

या शहरात संध्याकाळी दार उघडल्यावर माझी वाट बघणारं तेवढंच होतं. मी देवाला नाही, त्या पात्याला धरून होते. म्हणून यंदा फादरांनी जुन्या झावळ्या आणायला सांगितल्यावर रुमालात गुंडाळून नेला आणि टोपलीत ठेवला. त्याच्यावर लगेच दुसऱ्या झावळ्या पडल्या, तर माझ्यावरच पडल्या असं वाटलं.

बुधवारी राख लावून आले तर काकू दारात. "कपाळ पूस की. आणि चौकटीवरचं कुठं गेलं?"

"हेच ते, काकू."

त्या माझ्या कपाळाकडे बघत राहिल्या. "आईची वस्तू जाळत्यात व्हय गं?" मग मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "जेवलीस काय?"

मी हो म्हणाले. जेवले नव्हते. खोलीत शिरताना सवयीने हात चौकटीवर गेला. तिथे थोडी धूळ होती. चर्चमध्ये कितीजणांच्या कपाळावर त्या राखेतून तू गेलीस कोण जाणे, त्यांतल्या कुणालाही मी ओळखत नाही. हे तू शिकवलंस तसंच झालं, तरी खोली फार मोठी वाटते.

तुला हे पोचणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. थोड्या दिवसांनी नवं पातं मिळेल आणि मला क्रूस विणता येत नाही. तू शिकवायला हाक मारायचीस तेव्हा मी "अभ्यास आहे" म्हणायचे, आणि अभ्यास म्हटल्यावर तू पुन्हा कधी हाक मारली नाहीस. पातं तसंच, न दुमडता, चौकटीवर ठेवीन.