एकवीस दिवसांचा पहारा

गांधीबाग, नागपूर
११ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप जयवंता आत्यास,
दुर्गेशचा शि. सा. न. वि. वि.

तू फोन उचलून नाही राहिली, म्हणून हे पत्र संत्र्याच्या गाडीवाल्याच्या हाती देऊन राहिलो. दिवाळीत तू सोनिकाचं नाव काढलं आणि मी ताटावरून उठलो, ते चुकलंच. पण हे पूर्ण वाच. कॉलेज अर्ध्यात सोडणाऱ्याचं पत्र म्हणून अर्ध्यात सोडू नको.

परवा मी एकटाच तुझ्या डॉक्टरांकडे गेलो होतो. खरं तर भांडायले गेलो. वर्षात दोनदा तुझं आतडं अडलं, दोनदा नाकातून नळी घालून सुटलं. मले वाटलं, अकरा वर्षांमागं तुझी गर्भाची पिशवी काढताना कोणीतरी घोळ केला. डॉक्टरांनी मले ओरडू दिलं, मग चहा पाजला आणि कागदावर चित्र काढलं. पोटाच्या आतून एक ओलं, गुळगुळीत अस्तर असते. मी कापडाच्या दुकानात दिवसभर अस्तरच फाडतो, लगेच समजलं. त्याच्यावर आतडी रेशमासारखी सरकतात. ऑपरेशनमध्ये हात लागते, ते कोरडं पडते, दुखावते. जखम भरायले शरीर चिकट रस सोडते. तो थोड्या दिवसांत विरला तर ठीक. नाही विरला तर त्याचे धागे होतात, धाग्यांचे पट्टे, आणि आतडं नको तिथं चिकटून बसते. कोणाची चूक नसली तरी होते.

टाळायचं कसं, ते विचारलं. म्हणाले, जमेल तिथं मोठ्या चिरेऐवजी दुर्बिणीनं करायचं, आतड्याले हात कमी लावायचा, सगळं ओलं ठेवायचं. कधी आतड्यांच्या मधे आपोआप विरघळणारा पातळ पडदाही ठेवतात. तरी खात्री नाही. आणि पेशंटले दुसऱ्याच दिवशी चालवतात, आतडी लवकर हलती व्हावी म्हणून.

तिथं माझा चहा हातातच राहिला. आठवते ना? तुझ्या सासूबाईंनी, यमुताईआजीनं, सांगितलं होतं की एकवीस दिवस जमिनीले पाय लागू द्यायचा नाही, आणि पहाऱ्यावर मी. अकरा वर्षांचा, हातात तुराटीची काठी. तू उठायले लागली की मी रडत होतो. अंगणात संत्र्यांचे ढीग, ओव्याच्या शेकाचा वास, आणि तू मले सालीचे चष्मे करून देत होती. त्याच्याहून चांगले दिवस मी पाहिले नाहीत वं आत्या. आणि त्याच दिवसांत मी तुझं आतडं चिकटवलं.

एकच मागतो. कळा आल्या, उलट्या झाल्या, पोट फुगलं, वारा सरला नाही, तर एरंडेल घेऊ नको, वाट पाहू नको. सरळ नागपूर गाठ.

राग ठेव, लोभ मात्र सोडू नको.

तुझा,
दुर्गेश


संत्र्याचा बगीचा, ता. नरखेड
१९ नोव्हेंबर २०२४

चि. दुर्गेशले जयवंता आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोहोचलं. आमचे हे, तुझे मामाजी, वाचत होते, मी ऐकत होती. अस्तरापाशी आले तर म्हणाले, पोरगं दुकानात लक्ष देऊन राहिलं वाटते.

आता तुझ्या पहाऱ्याचं ऐक गा. रोज दुपारी तू तुराटी धरूनच पेंगत होता. मी तुझ्या डोक्याखाली उशी सरकवत होती आणि विहिरीपर्यंत चक्कर मारून येत होती. यमुताईंनी एकदा पाहिलं आणि तोंड फिरवून घेतलं. एकवीस दिवसांत मी निजली किती आणि तू किती, हे त्या खाटेलेच विचार. आणि मीही डॉक्टरांना विचारलं होतं. चालल्यानं आतडं लवकर जागं होते, पण चिकटणं थांबतेच असं नाही म्हणे. म्हणून तू काही चिकटवलं नाही.

पण खरं सांगते, मले भेव लागते. पुन्हा कापलं का पुन्हा चिकटू शकते, मग कापायचं काहून? दोनदा सुटलं, तिसऱ्यांदाही सुटन. शेजारच्या भागीरथाच्या घरी एरंडेल असते. इकडं तोडणी चालू आहे. पाहू.

सोनिकासाठी शेअर ऑटोनं कामठीच्या चकरा अजून चालूच आहेत म्हणे. तिनं नाही म्हटलं ना? मग त्या ऑटोवाल्याचं घर काहून चालवून राहिला?

जेवत जा. आत्याची आठवण भांडणापुरती ठेवू नको.

तुझी,
जयवंता आत्या


नागपूर
८ डिसेंबर २०२४

तीर्थरूप रुपराव मामाजींस,
दुर्गेशचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही काल तोडणीसाठी परत गेले. फोनवर तुम्ही 'बरी हाय ना' एवढं विचारून ठेवून देता, म्हणून लिहितो.

गुरुवारच्या सकाळचं आत्यानं मले आज सांगितलं, तुम्ही सांगितलं नव्हतं. कळा आणि उलट्या सुरू झाल्या, भागीरथाकाकू एरंडेलाचा पेला घेऊन आल्या, तुम्हीही घे म्हणाले. पेला ओठापर्यंत नेऊन तिनं खाली ठेवला आणि तुम्हाले म्हणाली, "मले काही झालं तं ते पोरगं जन्मभर सोताले दोष देईन. गाडी बोलवा."

हे ऐकून मी जिन्यात जाऊन बसलो. थोड्या वेळानं तोंड धुऊन आलो.

डॉक्टर म्हणाले, दोरीसारखा एकच पट्टा आतड्यावरून गेला होता, तो दुर्बिणीनं कापला. अर्धा दिवस उशीर झाला असता तर आतड्याचा तुकडाच काढावा लागला असता. पुन्हा चिकटेल का, हे आत्यानं स्वतः विचारलं. चिकटू शकते, म्हणाले, नाही असं लिहून देता येत नाही. तिनं मान हलवली आणि सिस्टरले विचारलं, उठू का.

शुक्रवारी माझ्या खांद्यावर हात ठेवून ती दारापर्यंत गेली, काल लिफ्टपर्यंत. आज सिस्टर पुरे म्हणत होती, तरी जिन्यापर्यंत. चालता चालता सोनिकाचं विचारलं. सांगितलं, पंधरा दिवसांपासून कामठीले गेलो नाही, ती नाहीच म्हणते, आणि मले दुखते. शिकवण देईल वाटलं होतं. तिनं फक्त खांदा घट्ट धरला.

एक काम करा. गाडीत घालताना तिच्या चपला घरीच राहिल्या. ती माझ्या घालून हिंडून राहिली, मोठ्या होतात. उद्याच्या संत्र्याच्या गाडीत तिच्या पाठवून द्या. संध्याकाळी पुन्हा फिरायचं म्हणते, आणि मी अनवाणी आहो.

आमच्या दोघांवरही लोभ असू द्या.

आपला,
दुर्गेश