खोट्या गवतावरची पावलं

प्रिय ताई,

हे पत्र तू एकटीनं वाच. दाजींच्या हातात इतक्यात देऊ नकोस, नाहीतर ते म्हणतील, शहाण्याच्या डोक्यात पुन्हा किडा शिरला. शिरलाय खरा, आणि काही केल्या निघत नाही. किडा बाबांविषयीचा आहे. पण आधी इथलं सांगतो, त्याशिवाय तुला कळायचं नाही.

माझ्या कामाचं फोनवर अर्धंच सांगितलं होतं, तर तू हसत सुटलीस, की प्लॅस्टिकच्या गवताला माळी कशाला? मलाही तसंच वाटलं होतं. बंगल्याच्या मागच्या अंगणात साहेबांनी गोल्फ खेळायला खोटी हिरवळ करून घेतलीय. मोठ्या खोलीएवढी, जराशी चढउताराची, मधे भोकं आणि भोकांत छोटे झेंडे. तिथं उभं राहून काठीनं चेंडू हळूच ढकलायचा आणि भोकात घालायचा, बस, एवढाच खेळ. पण त्या गवताचे लाड विचारू नकोस. ब्लोअरनं पानं उडवायची, पक्ष्यांची घाण साबणाच्या पाण्यानं पुसायची, भोकांत साचलेलं पाणी स्पंजानं टिपायचं, कडेला सावलीत शेवाळ धरतं ते खरवडायचं, मुळाशी बारीक वाळू पसरायची, आणि शेवटी कडक ब्रशनं सगळं गवत उलटं विंचरायचं. मग पाती ताठ उभी राहतात आणि चेंडू सरळ जातो. आई तुझे केस विंचरायची तसंच, फक्त हे गवत भोकाड पसरत नाही.

असं विंचरून ठेवलं की मांजर चाललं तरी पाऊल दिसतं. घोटाळा तिथूनच सुरू झाला. कामावर ठेवताना बाईसाहेब म्हणाल्या होत्या, ‘साहेब रोज सकाळी खेळतात, हयगय चालायची नाही.’ आणि मी येऊन बघतो तर आदल्या दिवशी विंचरलं तसंच्या तसं. माणसाचं एक पाऊल नाही. आधी वाटलं, माझी परीक्षा घेतायत. मग वाटलं, साहेब नावाचा माणूसच या घरात नाही. मागच्या खोलीचा पडदा कायम ओढलेला, आतून औषधाचा वास. मला तर भलतंसलतं सुचायला लागलं. बाईसाहेबांनी हातावर चहाचा कप ठेवला तरी मी आधी हुंगून बघायचो! तुला माझा स्वभाव माहितीय, कुठं काही शिजतंय असं वाटलं की झाकण उचलल्याशिवाय मला राहवत नाही. एकदा पाण्याचा पाइप ओढायच्या निमित्तानं खिडकीशी गेलो. पडद्याला फट होती. साहेब पलंगावर होते. तोंड एका बाजूला ओढलेलं. नर्स चमच्यानं पेज भरवत होती आणि ती गालावरून खाली येत होती.

आता एवढं माझ्यापासून लपवायचं कशाला? मी कोण लागून गेलो? ते रविवारी कळलं. बाईसाहेब म्हणाल्या, ‘आज विंचरू नकोस. उलट जरा चालून ठेव, पावलं दिसू देत. दोनतीन चेंडू टाक इकडेतिकडे.’ वर साहेबांचे बूट आणून दिले. मला ढगळ होत होते. ते घालून मी खुळ्यासारखा हिरवळीवर फिरलो. चेंडू टाकले, एक भोकात, बाकीचे जरा लांब. सगळेच भोकात गेले तर संशय येईल, ही अक्कल माझीच. मग त्यांनी परगावी असलेल्या मुलाला फोन लावला आणि फोन हिरवळीवरून फिरवला. ‘बघ, आत्ताच खेळून आत गेले. आंघोळ करतायत.’ मुलगा खूश. म्हणाला, ‘म्हाताऱ्याचा नेम अजून चुकत नाही म्हणायचा!’ बाईसाहेब हसल्यासुद्धा. मी फोनमध्ये दिसणार नाही असा भिंतीला चिकटून उभा, पायात त्याच्या बापाचे बूट. फोन ठेवल्यावर त्या पायरीवर बसल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘नवी नोकरी आहे रे त्याची. कळलं तर सगळं टाकून धावत येईल.’

ताई, त्या क्षणी मला तू दिसलीस.

तूही मला फोनवर बाबांचं सुतारकामाचं टेबल दाखवतेस. ‘बघ, आत्ताच रंधा मारत होते, लाकूड आणायला गेले.’ खाली ताज्या साली पडलेल्या. मी पण खूश व्हायचो. पण बाबांच्या रंध्याखालून निघणारी साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी, लांबच लांब, गुंडाळत जाणारी. आपण ती कानात अडकवून मिरवायचो ना? तू दाखवलेल्या साली जाड होत्या, तुटक, उंदरानं कुरतडल्यासारख्या. ज्याला रंधा धरता येत नाही त्याच्याच हातून तशा निघतात. कुणी मारला गं रंधा, तू की दाजींनी? बाबा कधी लाकूड आणायला गेलेले, कधी मित्राकडे, कधी नुकताच डोळा लागलेला. तुम्ही दोघं आपली खोली सोडून ‘बाबांना सोबत’ म्हणून तिकडे राहायला गेलात, तेव्हाही मी काही बोललो नाही. ज्या माणसाला शेजारी बसून कुणी शिट्टी वाजवलेली खपत नाही, त्याला सोबत कशाला लागते?

रागवायचं म्हटलं तर तेही जमत नाही. परक्याचे बूट घालून मी नाचलोय, आता कुठल्या तोंडानं तुझ्यावर ओरडू?

मी काम सोडलं, ताई. बाईसाहेबांना सांगितलं, वडील आजारी आहेत, जातो. त्यांनी विचारलं, ‘कुणी कळवलं?’ मी म्हटलं, ‘कुणीच नाही.’ त्यांनी साहेबांचे बूट उचलून आत नेऊन ठेवले. मग म्हणाल्या, ‘मग जाच.’ हे पत्र आधी पोचतं की मी, कुणास ठाऊक. फोन केला असता तर तू हसून वेळ मारून नेली असतीस, आणि खरं सांगतो, मीही ती मारून नेऊ दिली असती. बाबा अंथरुणाला खिळलेले असले तरी चालतील. बोलता येत नसलं तरी चालेल. मला ओळखलं नाही तर मी रोज नव्यानं ओळख करून देईन. कसं भरवायचं तेही बघून ठेवलंय. फक्त मी आलो की दाजींना पुढे करू नकोस. दार तूच उघड, आणि जे तोंडानं विचारायचा मला धीर होत नाही, तेवढं खरं सांग. बाबा आहेत ना?

तुझाच,
वळवळ्या